कास रिकामी, तरी घोडी व्यायली : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपले आक्षेप पुढे एकेक करून घेतेच, पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती थांबण्यासारखी नाही. आपले शिंगरू आता सहा दिवसांचे आहे आणि ते कास जवळजवळ रिकामी असलेल्या घोडीला झाले आहे. पहिल्या काही तासांत त्याला पुरेसा चीक मिळाला की नाही, हे आपण लिहिलेले नाही. घोडीच्या वारेतून प्रतिकारद्रव्ये गर्भाकडे जात नाहीत. शिंगराला ती चिकातूनच मिळतात आणि ती शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची क्षमता जन्मानंतर सुमारे २४ तासांत संपते. रक्तातील आयजीजीची, म्हणजे याच प्रतिकारद्रव्यांची, तपासणी झालेली नसेल, तर पशुवैद्याला आजच बोलवावे. हे प्रमाण डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर असले तर काळजी नाही. ४०० च्या खाली असले तर आता चीक पाजून उपयोग होत नाही, शिरेतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, देण्याचा निर्णय पशुवैद्याला घ्यावा लागतो. दरम्यान ताप, एखादा सुजलेला सांधा, ओलसर किंवा जाड झालेली नाळ, पिण्यातली मंदी, यांपैकी काहीही दिसले तर उद्यापर्यंत वाट पाहू नये.

आता प्रतिक्रियेकडे वळते. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात अशी : मिनिएचर, म्हणजे बुटक्या जातीची, घोडी विण्याच्या बेतात आल्याची लक्षणे सांगणाऱ्या माझ्या लेखात मी आधी कास भरते, मग सडांवर मेण धरते, मग कळा सुरू होतात असा क्रम दिला होता आणि 'कास भरत नाही तोवर मालकाने निर्धास्त झोपावे' असे एक वाक्यही लिहिले होते. आपली पहिलारू घोडी ३२६व्या दिवशी पहाटे व्यायली, तेव्हा तिची कास मुठीएवढीही नव्हती. झोप येत नव्हती म्हणून आपण तबेल्यात गेलात, शिंगराच्या तोंडावरचे आवरण हाताने फाडलेत, आणि ते वाचले. यावरून आपण चार निष्कर्ष काढले आहेत : लक्षणांची यादी निरुपयोगी आहे, तिच्याऐवजी दिवस मोजून पाळत ठेवावी, दुधाची तपासणी हा पहिलारू जनावराचा छळ आहे, आणि आपल्या घोडीने दोन दिवस आधी खाणे सोडले होते, हे एकमेव खरे लक्षण मी यादीत घेतलेच नाही.

ते वाक्य चुकीचे होते. आज ते मी लेखातून काढले आहे आणि तसे तिथे नोंदवलेही आहे. चूक कशी झाली, हेही सांगते, कारण ती मी एकटीच करत नाही. दोन-चार वेळा व्यायलेल्या घोड्या पाहून डोळ्यांना एक सवय लागते. त्यांची कास विण्याआधी दोन ते चार आठवडे उतरू लागते, रात्रभर उभे राहून भरते आणि दिवसा चालल्या-फिरल्यावर ओसरते. मग एक दिवस ती ओसरत नाही, सडांची टोके भरतात आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत त्यांवर चिकाचे वाळलेले पिवळसर थेंब दिसतात, ज्यांना आपण मेण म्हणतो. हा क्रम इतका ओळखीचा होतो की तो सगळ्यांनाच लागू आहे असे वाटू लागते. पहिलारू घोडीची कास मात्र आयुष्यात पहिल्यांदाच कामाला लागत असते. काहींची आठवडाभर आधी भरते, काहींची शेवटच्या रात्री, काहींची तर शिंगरू उभे राहून ढुसण्या देऊ लागल्यावर. मेणाचेही तसेच आहे : काहींना ते धरतच नाही, काहींचे भिंतीला अंग घासताना गळून पडते, काहींना आठ-आठ दिवस राहते. कास भरली तर लक्ष वाढवावे, हे बरोबर. ती भरली नाही म्हणून लक्ष कमी करावे, हे पहिलारू घोडीच्या बाबतीत साफ चूक.

मिनिएचरमध्ये तर आणखी एक अडचण आहे. घोडी ३४ इंचांची, पोट जमिनीकडे झुकलेले, त्यात हिवाळ्यातले लांब केस. उभ्याने पाहिले तर कास दिसतच नाही. गुडघे टेकून, विजेरी घेऊन, मागच्या पायांमधून पाहावे लागते. पोटावरून अंदाज घ्यायचा तर सुटलेल्या अंगाची मिनिएचर बारा महिने गाभणच दिसते आणि पहिलारूच्या पोटाचे स्नायू ताठ असल्याने ती खरोखर गाभण असूनही शेवटपर्यंत आटोपशीर दिसू शकते.

तरीही यादी टाकून केवळ दिवस मोजावेत, हे मला पटत नाही. घोडीचा गाभणकाळ साधारणपणे ३२० ते ३६५ दिवसांचा धरतात, सरासरी ३४० च्या आसपास. मिनिएचर घोड्या पुष्कळदा त्याआधी वितात, पण त्यांचाही पल्ला काही आठवड्यांचा असतोच. नर-मादी एकत्र चरायला सोडलेली असतील तर फळल्याची नेमकी तारीखही हाती नसते. समजा, ३१५व्या दिवसापासून आपण रोज रात्री जागलो. पंचविसाव्या रात्री माणूस खुर्चीतच झोपतो, आणि घोड्या बहुतांशी रात्रीच वितात. शिवाय गर्भाची अखेरची परिपक्वता शेवटच्या काही दिवसांतच होत असल्याने, तारीख उलटली म्हणून वेणा आणवण्याचे इंजेक्शन द्यायला सांगणेही धोक्याचे. लक्षणांचा उपयोग विण्याचा मुहूर्त सांगण्यासाठी नाहीच; कोणत्या रात्री जागायचे आणि कोणत्या रात्री दर दोन तासांनी एक चक्कर पुरेल, हे ठरवण्यासाठी आहे. पूर्ण बेफिकिरीची रात्र पहिलारूच्या बाबतीत ३१५व्या दिवसानंतर येत नाही, हे आपल्या अनुभवाने मला नव्याने शिकवले.

मग पहिलारूत पाहायचे काय? माझा भरवसा सर्वांत जास्त शेपटीच्या मुळावर आहे. माकडहाडाच्या दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्यात उतरणारे बंध एरवी ताणलेल्या दोरीसारखे लागतात. शेवटच्या एक-दोन आठवड्यांत ते सैल होऊ लागतात, शेपटीच्या दोन्ही अंगांना खळगे पडतात, शेपूट उचलली तर ती पूर्वीसारखा विरोध करत नाही, आणि निरण, म्हणजे योनीमुख, लांबट व लोंबती दिसू लागते. पण एका दिवशी हात लावून काही कळत नाही. रोज, एकाच वेळी, त्याच हाताने चाचपावे लागते, कारण तुलना दुसऱ्या घोडीशी नसून कालच्या त्याच घोडीशी करायची असते.

माझ्याकडच्या एका तांबड्या पहिलारूची वही अजून आहे. ३१८व्या दिवसापुढे रोज एकच ओळ : 'कास नाही, बंध ताठ.' ३२७ला 'डावा बंध किंचित सैल?' असे प्रश्नचिन्हासह लिहिले आहे. ३३०ला 'दोन्ही सैल, कास लिंबाएवढी.' ३३१ला संध्याकाळी बोटे दाबली तर मळलेल्या कणकेत दाबल्यासारखी आत गेली. कास मात्र लिंबाचीच. एरवी बादलीचा आवाज होताच दाराशी येऊन लाथा मारणारी ती घोडी त्या संध्याकाळी कोपऱ्यात भिंतीला पुठ्ठे लावून उभी राहिली, शेपूट अंगापासून जराशी दूर, आणि मी आत गेल्यावर कान वळवण्यापलीकडे तिने काही केले नाही. पाणी प्यायली, खाणेही खाल्ले, फक्त निवांतपणे. रात्री पावणेदोनला पाणमोट फुटली आणि दोन वाजून पाच मिनिटांनी शिंगरू बाहेर होते. कास भरली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर त्या शिंगराला आम्ही साठवणीतला गोठवलेला चीक कोमट करून दिला होता. हे सगळे माझ्या वहीत असताना लेखात ते वाक्य मी कसे लिहिले, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

सकाळ-संध्याकाळ तापमान घेणेही मला उपयोगी वाटते. घोडीचे तापमान सहसा संध्याकाळी सकाळपेक्षा थोडे जास्त असते. विण्याच्या आदल्या संध्याकाळी अनेक घोड्यांत ही वाढ दिसत नाही, उलट सुमारे अर्धा अंश सेल्सिअसची घट दिसते. मात्र आठ-दहा दिवसांच्या नोंदी आधी हाताशी नसतील तर एका आकड्याला काही अर्थ नाही.

दुधाच्या तपासणीवरचा आपला आक्षेप अर्धा खरा आहे. कासेला हात लावू न देणाऱ्या पहिलारूला दोरीने जखडून, मागचा पाय उचलून धरून थेंब काढणे हा छळच आहे आणि त्या धडपडीत कोणाचे तरी हाड मोडेल. दिवसातून चार वेळा पिळत राहिले तर शिंगराच्या वाट्याचा चीकही वाया जातो. पण महिनाभर आधीपासून खरारा करताना पोटाखालून हात नेत नेत कासेपर्यंत नेण्याची सवय लावली, तर घोडी ते सहज स्वीकारते, आणि याचा खरा फायदा तपासणीपेक्षा नंतर होतो : गुदगुल्या होणाऱ्या कासेला शिंगराचे तोंड लागताच लाथ झाडणाऱ्या पहिलारू घोड्या मी पाहिल्या आहेत. दोन-चार थेंब, संध्याकाळी एकदा, सड पुसून घेऊन, एवढेच पुरे. सुरुवातीला हा द्रव पातळ, पिवळसर व पारदर्शक असतो. मग गढूळ, राखाडी होत शेवटी पांढरा आणि मधासारखा चिकट होतो. विणे जवळ येते तसा त्याचा सामू, म्हणजे पीएच, सातच्या वरून ६.४ च्या आसपास उतरतो आणि त्यातले कॅल्शियम चढते. हे कॅल्शियम पाण्याचा कठीणपणा मोजणाऱ्या पट्टीने मोजतात, त्यासाठी हा द्रव एकास सहा या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळावा लागतो. सामूची पट्टी मात्र न मिसळलेल्या दुधात बुडवायची. कॅल्शियम २०० पीपीएमच्या खाली असेल तर पुढच्या २४ तासांत घोडी विण्याची शक्यता फार कमी असते. ही चाचणी 'आज नाही' हे जितके चांगले सांगते, तितके 'आजच' हे सांगत नाही. पहिलारूत हा बदल काही तासांतच होऊ शकतो, म्हणून सकाळच्या पट्टीवर रात्रीची झोप ठरवू नये. आणि थेंबच आला नाही, तर चाचणी झालीच नाही असे समजावे. आपल्या घोडीच्या बाबतीत ती काही सांगू शकली नसती, हे मला मान्य आहे.

चौथ्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी ठामपणे असहमत आहे, आणि आपली प्रतिक्रिया वाचून कोणी ते लक्षण पाळू लागेल याची मला भीती वाटते. विण्याच्या दिवशी घोडीने खाणे अर्धवट टाकले तर ते समजण्यासारखे आहे. दोन दिवस खाणे सोडलेली गाभण मिनिएचर ही विण्याची वाट पाहण्याची गोष्ट नव्हे, त्याच दिवशी पशुवैद्याला बोलावण्याची आहे. मिनिएचर, शेटलंड पोनी आणि गाढवे यांचे शरीर उपाशीपणात अंगावरची चरबी वेगाने रक्तात सोडते, आणि शेवटच्या तिमाहीत गर्भाची भूक वरून असतेच. रक्तातील चरबी हाताबाहेर गेली की यकृत भरते, घोडी मलूल होते, आणखी खात नाही, आणि हे चक्र काही दिवसांत आई आणि गर्भ दोघांचाही जीव घेऊ शकते. याला हायपरलिपिमिया म्हणतात. रक्त काढून ठेवले तर वरचा द्रव दुधासारखा दिसतो. पोटशूळ आणि सुरुवातीच्या कळा यांतही गल्लत होते : जमीन खरवडणे, भकाळीकडे वळून पाहणे, घाम, आडवे होऊन पुन्हा उठणे, हे दोन्हींत सारखेच. मी लीद पडते आहे का, हिरड्या गुलाबी आहेत का आणि मधल्या वेळात घोडी गवताकडे वळते का, हे पाहते. शंका राहिली तर फोन करते. आपली घोडी सुखरूप आहे याचा मला आनंद आहे, पण तिचीही रक्ततपासणी करून घ्यावी.

आवरण फाडण्याबद्दल माझ्या लेखात एक ओळही नव्हती, आणि आपण ते आपल्या समजेने केलेत. तो भाग आता घातला आहे. पाणमोट फुटल्यापासून शिंगरू बाहेर येईपर्यंत सहसा २० ते ३० मिनिटे लागतात. निळसर-पांढऱ्या आवरणात दोन पुढचे पाय, एक थोडा पुढे, खुरांचे तळ खाली, आणि त्यांवर नाक, असे दिसले तर हात मागे ठेवावेत. १० मिनिटांत काहीच पुढे सरकले नाही तर फोन केलेला असावा. मिनिएचरमध्ये शिंगराचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि घोडीच्या आत हाताला जागा फार कमी, त्यामुळे अडलेली वीण इथे जास्त दिसते आणि ती घरी सोडवण्याचा प्रयत्न बहुधा बिघडतो. पांढऱ्याऐवजी लाल, मखमली पिशवी बाहेर आली तर मात्र कोणाचीही वाट पाहू नये : वार आधीच सुटलेली असते आणि शिंगराला प्राणवायू मिळत नसतो, ती पिशवी तत्क्षणी कापून त्याला बाहेर घ्यावे लागते. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत प्यायला लागावे, आणि तीन तासांत वार पडावी. पडलेली वार टाकून न देता बादलीत ठेवावी आणि ती पूर्ण आहे की तुकडा आत राहिला आहे, हे पशुवैद्याला दाखवून घ्यावे.