‘तांबं फक्त पर्यटकांना दाखवायला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

लहान डिस्टिलरीच्या यंत्रसामग्रीवरच्या, भट्टीत तांबं कशाला हवं हे सांगणाऱ्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘एक वाचक, पंचवटी’ एवढ्याच नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती पूर्ण देतो:

“काका, तांब्याचा एवढा बाऊ करू नका. तांबं फक्त पर्यटकांना दाखवायला असतं. स्टेनलेसमध्ये तेच काम अर्ध्या पैशात होतं. कंडेन्सरच्या पाण्याचा तुमचा आकडा चुकलाय. लहान माणसाने पैसा आधी बॉयलर आणि थंड पाण्याला ठेवावा. सगळं पुस्तकातून उतरवल्यासारखं वाटतं. जरा नवीन शिका.”

काका म्हणायला माझी हरकत नाही, वयाने मी आहेच. पण सुरुवातीला ‘काका’ आणि शेवटी ‘जरा नवीन शिका’ असं लिहिलं की मधली वाक्यं चर्चेसाठी लिहिलेली उरत नाहीत, समोरच्याला गप्प बसवण्यासाठी लिहिलेली होतात. मतभेद असेल तर खुशाल मांडा. मात्र ज्याचं लिखाण खोडताय त्याच्याशी बरोबरीने बोला, आणि जमलं तर स्वतःच्या नावाने बोला. मी माझ्या नावाने लिहितो.

पुस्तकाचा आरोप आधी संपवतो. १९९७पासून मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत पत्राकाम करतो. २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर दिंडोरी आणि विंचूरकडे वाइनरी उभ्या राहायला लागल्या. त्यांच्या टाक्या, जॅकेट आणि पाइपलाइन मी वेल्ड केल्या आहेत, भट्ट्यांच्या माना (हंड्यावरची, वाफ वर नेणारी नळी) आणि कंडेन्सरही (वाफ गार करून द्रव करणारा भाग) बनवले आहेत. पुस्तकं वाचतो, त्याची लाज वाटत नाही. पण तांबं कुठे झिजतं हे मी पुस्तकात पाहिलेलं नाही, जाडी मोजून पाहिलेलं आहे.

आता ते एक वाक्य: तांबं दाखवायला असतं.

आपण नाशिकमध्ये आहोत हे लक्षात घ्या. इथे ब्रँडीसाठी जी द्राक्षं स्वस्तात मिळतात त्यातली बरीचशी निर्यातीतून किंवा बाजारातून बाद झालेली थॉमसन असते. त्या बागेवर भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक पडलेलं असतं, कधी पाण्यात विरघळणारी पावडर फवारून, कधी धुरळणीने. ते मण्यांवर उरतं, रसात येतं आणि आंबताना यीस्ट त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतं. सडक्या अंड्याचा जो वास येतो तो हाच. रसात नायट्रोजन कमी असेल तर गंधक नसतानाही यीस्ट हा वायू सोडतं. म्हणून आंबवताना नायट्रोजन पुरवणारं डीएपी मोजून द्यावं लागतं. पुढे त्यातून मर्कॅप्टन नावाची गंधकाची संयुगं तयार होतात आणि वास कांद्याकडे, जळक्या रबराकडे जातो. हे सगळे पदार्थ उडणारे आहेत. हंडा तापला की ते मद्याच्या वाफेबरोबर वर चढतात आणि तुमच्या बाटलीपर्यंत पोचतात.

वाटेत तांबं असेल तर हायड्रोजन सल्फाइड आणि मर्कॅप्टन त्याला चिकटतात. काळा कॉपर सल्फाइड भिंतीवर बसतो आणि धुताना निघून जातो. वाटेत स्टेनलेस असेल तर त्यांना चिकटायला काहीच नसतं. स्टेनलेस गंजत नाही म्हणून आपण ते वापरतो, आणि ते गंजत नाही म्हणूनच हे काम त्याच्याने होत नाही. तेव्हा ‘तेच काम’ हा शब्द तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलात ते मला समजून घ्यायचं आहे.

दिखाव्याचा मुद्दा खोडायला स्कॉटलंडचं एक उदाहरण पुरे आहे. रोझाइल डिस्टिलरीत काही भट्ट्यांना स्टेनलेसचे कंडेन्सर मुद्दाम लावलेले आहेत. तिथे जेव्हा जड, मांसल, गंधकाकडे झुकणारं स्पिरिट हवं असतं, तेव्हा त्यांच्यामुळे तांब्याचा संपर्क कमी करता येतो. तांबं नुसतं शोभेचं असतं तर ते काढल्याने चव बदलली नसती.

आता पैशाचं. मूळ लेखात मी पूर्ण तांब्याची भट्टी घ्या असं म्हटलेलं नाही, हे तुम्ही वाचायला हवं होतं. हंडा स्टेनलेसचा चालतो. तांबं स्टेनलेसपेक्षा जवळजवळ पंचवीसपट उष्णता वाहतं हे खरं, पण वाफेच्या जॅकेटमध्ये (हंड्याभोवतीचं वाफेचं आवरण) ३ मिमीच्या भिंतीचा अडथळा तसाही लहान असतो. दोन्ही बाजूंच्या द्रवाच्या थरांचा अडथळा त्याहून कितीतरी मोठा. त्यामुळे गरम करण्यासाठी तांब्याचा हंडा लागतोच असं नाही. तांबं लागतं ते वाफेच्या वाटेवर, विशेषतः जिथे वाफ भिंतीला लागून द्रव होते आणि ओघळत परत येते तिथे.

५०० लिटर भरण्याच्या भट्टीचा हिशोब मांडतो. वर फेसाला जागा धरून हंडा ७०० लिटरचा. तो ३ मिमी तांब्यात केला तर एकटा हंडाच १०० किलोच्या वर जातो. तो स्टेनलेसचा करा. मान २०० मिमी व्यासाची, १.२ मीटर उंच. तिच्याखाली कांद्यासारखा फुगवटा. पुढे १०० मिमीची दीड मीटर आडवी नळी. हे सगळं २ मिमी तांब्यात साधारण १.८ चौरस मीटर भरतं. २ मिमी पत्रा चौरस मीटरला जवळजवळ १८ किलो, म्हणजे ३२ किलोच्या आसपास. कंडेन्सरमध्ये १९ मिमीच्या १९ नळ्या, प्रत्येकी १.२ मीटर, भिंत १.२ मिमी: आणखी १४ किलो. एकूण ४६ किलो. पूर्ण तांब्याच्या भट्टीच्या मानाने हे एक-तृतीयांशसुद्धा नाही. तुमचा ‘अर्ध्या पैशाचा’ मुद्दा इथेच संपतो.

कंडेन्सरमध्ये पाणी नळ्यांच्या आतून आणि वाफ बाहेरून न्या. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, क्षार आत धरतात. नळ्या सरळ आणि दोन्ही टोकांची झाकणं उघडणारी असतील तर ब्रश घालून साफ करता येतं. वेटोळ्याच्या कॉइलमध्ये ब्रश जात नाही, तिथे आम्ल फिरवण्याशिवाय इलाज नसतो.

‘स्टेनलेसच्या कॉलममध्ये तांब्याची जाळी टाकली की झालं’ असं पुढे कोणी म्हणेल, म्हणून तेही लिहितो. जाळी चांगली आहे, मी स्वतः बसवून देतो. पण ती झिजणारी गोष्ट आहे. गंधकाच्या वाइनवर तीन-चार गाळपांत (भट्टी चालवण्याच्या फेऱ्यांत) ती काळी पडते आणि मग तिच्याकडून काम होत नाही. दोन टक्क्यांच्या कोमट सिट्रिक ॲसिडमध्ये बुडवून, भरपूर पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावी लागते. तरीही तारा बारीक होत जातात आणि ती बदलावी लागते. गच्च भरली तर वाफेची वाट अडते आणि हंड्यात दाब चढतो. गाळपाच्या शेवटच्या भागातलं तेलकट, ओल्या पुठ्ठ्यासारख्या वासाचं द्रव्य तिच्यात अडकून राहतं ते वेगळंच. पुढच्या गाळपाच्या सुरुवातीला ते निघतं. मान आणि कंडेन्सर तांब्याचे असतील तर जाळी मदतीला ठेवा. एकट्या जाळीवर भट्टी चालवू नका.

तांबटांकडून काम करून घेणाऱ्यांना एक सांगायचं आहे, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो. नाशिकच्या तांबट कारागिरांसारखा ठोका दुसरीकडे सहज मिळत नाही. फुगवटा ठोकून काढायचा तर त्यांच्याकडेच जा. पण भांड्याच्या सवयीने आतून कल्हई करून देतील, ती करू देऊ नका. स्वयंपाकाच्या भांड्याला कल्हई हवीच, भट्टीच्या मानेत ती तांबं झाकून टाकते. मग वाफेला लागतो तो कथील, आणि तांब्यावर केलेला सगळा खर्च वाया जातो. शिवाय बाजारातल्या कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं. शिशाचा साधा सोल्डर तर भट्टीजवळ आणायचाच नाही.

जोडांचंही तसंच. फॉस्फर-कॉपरची (जोड वितळवून भरायची) काडी तांब्याला तांबं जोडायला सोपी पडते, फ्लक्सही (जोड साफ ठेवणारं द्रव्य) लागत नाही. पण गंधक असलेल्या वाफेत तो जोड खाल्ला जातो. तांबं आणि स्टेनलेसच्या जोडाला तर ती अजिबात वापरू नका. फॉस्फरसमुळे मध्ये ठिसूळ थर बनतो आणि गरम-गार होता होता जोड सुटतो. तिथे ४५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली काडी आणि तिचं फ्लक्स वापरा. त्याहून बरं म्हणजे हंडा आणि मान यांच्यात क्लॅम्पचा जोड ठेवा, गॅस्केट टेफ्लॉनचं. मान काढून आत पाहता आली पाहिजे.

तांबं सगळं करतं असा माझा दावा नाही. वाइनरीकडून उरलेली वाइन उचलली आणि तिच्यात सल्फर डायऑक्साइड घातलेला असेल तर तांबं तुम्हाला वाचवत नाही, उलट तेच खाल्लं जातं. तो वायू गाळपाच्या पहिल्या भागात पुढे येतो, ओलाव्यात त्याचं आम्ल होतं, आणि कंडेन्सरमधून हिरवट-निळं पाणी पडतं. फ्रान्सच्या कोन्याक या ब्रँडीच्या प्रदेशात गाळायच्या वाइनला सल्फर डायऑक्साइड घालायला बंदी आहे ती उगाच नाही. वाइन गाळण्यासाठी हवी असेल तर हंगामाआधीच वाइनरीशी बोला, तुमची टाकी वेगळी आणि बिनसल्फाइटची ठेवायला सांगा. आंबवणं संपलं की महिनोन्‌महिने न ठेवता लगेच गाळा.

भट्टी काही दिवस बंद राहिली की मानेत ओल, हवा आणि ॲसिटिक आम्ल मिळून हिरवा थर धरतो. तोही पहिल्या भागात धुऊन उतरतो. त्यासाठी गाळप संपल्यावर दोन टक्के कॉस्टिक सोडा ६० ते ७० अंशांना फिरवा, पाण्याने धुवा, मग एक ते दोन टक्के सिट्रिक, पुन्हा पाणी, आणि सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवून वाळवा. क्लोरीनचं काहीही वापरू नका, ते स्टेनलेसलाही खड्डे पाडतं. आणि गरम, बंद भट्टीत थंड पाणी सोडू नका. आतली वाफ क्षणात द्रव होते, पोकळी तयार होते आणि २ मिमीची मान आत चेपते. हंड्यावर व्हॅक्यूम ब्रेकर (पोकळी झाली की बाहेरची हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) हवाच, तो स्टेनलेसच्या भट्टीलाही हवा.

आता तुमचं एक बरोबर आहे, ते मान्य करतो. पाण्याचा आकडा चुकला होता. मी एका गाळपाला १२०० लिटर लिहिलं होतं, त्यात पाणी १५ अंशांना आत आणि ७५ला बाहेर धरलं होतं. आपल्याकडे १५ अंशांचं पाणी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेच मिळतं. ५०० लिटर वाइनमधून १५० लिटर, ३० टक्क्यांचं पहिलं गाळप काढताना कंडेन्सरला साधारण ३१० मेगाज्यूल उष्णता काढावी लागते. पाणी २८ला आत आणि ५८ला बाहेर धरलं तर ते २५०० लिटर होतं. उन्हाळ्यात ३४ अंशांचं टाकीचं पाणी असेल आणि ५५ला बाहेर सोडायचं असेल तर ३५०० लिटर. ५००० लिटरच्या टाकीतून फिरवलं तर एका गाळपात टाकी १५ अंशांनी तापते, म्हणजे दिवसातलं दुसरं गाळप कठीण होतं. पाच तासांत ही उष्णता काढायला ५ टनांचा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतो. कूलिंग टॉवर लावणार असाल तर तो मे महिन्यात त्रास देईल असं वाटतं, पण ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना वेट बल्ब तापमान (ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक दाखवतो ते) २२च्या आसपास असतं. पावसाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता झाली की ते २६कडे जातं, आणि टॉवर त्याखाली पाणी नेऊच शकत नाही. टॉवरची परीक्षा पावसाळ्यात होते.

पण एक आकडा चुकला म्हणून लेख उतरवलेला ठरत नाही. तुम्ही आकडा चुकला एवढंच लिहिलंत, बरोबर काय ते लिहिलं नाहीत. ते मला इथे करावं लागलं.

बॉयलरबद्दल वेगळा लेख आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. २५ लिटरहून कमी पाणी मावणारा, तासाला १०० किलो वाफ देणारा कॉइल बॉयलर या भट्टीला पुरतो, एवढं पुरे. पैसा आधी कुठे घालायचा हे ज्याच्या त्याच्या खिशावर आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. आणि हे सगळं परवाना हातात असलेल्यांसाठी आहे, हे दर लेखात लिहितो तसं इथेही लिहितो.

मूळ लेखातला पाण्याचा आकडा आज दुरुस्त केला आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. तांब्याचा भाग आहे तसाच राहील. त्यावर काही म्हणायचं असेल तर कोणत्या द्राक्षाचं, किती गंधकाचं आणि कोणत्या कंडेन्सरमधून गाळलेलं ते लिहा. ‘जरा नवीन शिका’ एवढंच असेल तर ती प्रतिक्रिया मी इथे ठेवणार नाही.