गाडीतलं ऑइल वाढलं तेव्हा

मेकॅनिकने डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, परत आत सारली, परत काढली आणि थेट माझ्या नाकासमोर धरली. "वास घ्या साहेब." ऑइल मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर होतं आणि त्याला चक्क डिझेलचा वास येत होता. मी म्हटलं, "म्हणजे ऑइल कमी तर झालं नाही ना?" तो हसलासुद्धा नाही.

सहा वर्षं जुनी जर्मन सेदान. चामड्याच्या सीट, दार लावलं की 'धप्प' असा भरीव आवाज. नव्याच्या एक तृतीयांश भावात मिळाली म्हणून मी हवेत होतो. डिझेल घेतली, कारण विकणारा म्हणाला, "अ‍ॅव्हरेज बघा ना." मी बघितलं. माझं ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर आहे, हे मात्र बघितलं नाही.

आता झालं काय, ते नीट सांगतो, कारण जुनी महागडी डिझेल घेणाऱ्या दहांपैकी आठजणांना हे कुणी सांगत नाही. (आठ हा आकडा माझ्या ओळखीपाळखीतला, मनावर घेऊ नका.) आजकालच्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवायला डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो भरत आला की गाडी आपणहून जास्तीचं डिझेल सोडते, फिल्टर साधारण 600 अंशांपर्यंत तापवते आणि आतली काजळी जाळून टाकते. या कामाला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात गाडी चालावी लागते. मी तर बाराव्या मिनिटाला पार्किंगमध्ये. काजळी अर्धवट जळायची, दुसऱ्या दिवशी गाडी परत सुरुवात करायची, परत मी किल्ली फिरवून ती बंद करायचो. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत गेलं. ऑइल वाढलं आणि पातळ झालं. तेच पातळ ऑइल टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) बेअरिंगला.

खुणा होत्या. गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहायचा, बॉनेटपाशी करपल्यासारखा वास यायचा. मला वाटायचं एसीचं काहीतरी असेल.

या विषयावर बोलायला लागलं की कुणीतरी ग्रीसमधली मर्सिडीज 240 डी काढतंच. 1976 ची टॅक्सी, 46 लाख किलोमीटर चाललेली, 2004 मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. गोष्ट खरी आहे. पण त्या गाडीला टर्बो नव्हता, डीपीएफ नव्हता, दोन हजार बार दाबाने डिझेल फवारणारे इंजेक्टर नव्हते. आणि ती टॅक्सी होती. दिवसभर पळायची, इंजिन गार व्हायला वेळच मिळत नसे. तिच्या नावावर आपण चार किलोमीटरच्या ऑफिससाठी डिझेल घेतो, ही गंमतच आहे.

हिशेब करून बघा. समजा पेट्रोल गाडी लिटरला 10 देते आणि तीच डिझेलमध्ये 14. वर्षाला 6,000 किलोमीटर चालवणाऱ्याचे वाचतात साधारण 170 लिटर. तीस हजार चालवणाऱ्याचे साडेआठशे. माझ्या 170 लिटरच्या पैशात एक इंजेक्टरसुद्धा धड येत नाही, आणि असे चार किंवा सहा असतात. शिवाय वर अ‍ॅडब्लू (धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव), नॉक्स या विषारी वायूचे सेन्सर वगैरे मंडळी आहेतच.

म्हणून माझं मत ठाम आहे: इंधन गाडी बघून निवडायचं नाही, आपला रोजचा रस्ता बघून निवडायचं.

पेट्रोलवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर (हवा आत घेणाऱ्या झडपांवर) काजळी बसते, कारण पूर्वीसारखं पेट्रोल त्यांना धूत नाही. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारतात. मी स्वतः बघितलंय, आत कोळशाच्या खाणीसारखं दृश्य होतं. टोयोटा-लेक्ससच्या काही इंजिनांत सिलिंडरमध्ये आणि व्हॉल्व्हच्या आधी अशा दोन्ही जागी इंजेक्टर असतात, तिथे हा त्रास कमी. पेट्रोलच्या ऑक्टेनचं (95, 98 असा जो आकडा असतो, त्याचं) म्हणाल तर टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, तेवढंच भरा. कमी भरलंत तर इंजिनातली ठकठक ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगी उशिरा पाडायला लावतो, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही पडतात. 95 वर बनवलेल्या इंजिनात 98 भरून मात्र बहुतेक वेळा फक्त मनाचं समाधान मिळतं.

हायब्रिड? शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला उत्तम, फक्त बॅटरीची तपासणी करून घ्या.

आता गाडी वर्षानुवर्षं सांभाळण्याचं. जुनी लक्झरी गाडी स्वस्त होते, तिचे पार्ट्स स्वस्त होत नाहीत. हे वाक्य मला मेव्हण्याने आधी ऐकवलं होतं, तेव्हा मी त्याला "तुला गाड्यांतलं काय कळतं" म्हटलं होतं. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बघा. एक कोपरा बसलेला दिसला तर रबरी फुगा चिरलाय, आणि त्याच्यापायी कॉम्प्रेसरही दमलेला असणार. गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" आहे म्हणून सांगतील. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. लाइफटाइम म्हणजे कुणाचं, ते विचारा. टायरच्या कडेवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. एवढ्या महागड्या गाडीला चार वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर दिसले तर मी बॉनेट न उघडताच परत फिरतो. मालकाने जिथे दिसतं तिथे हात आखडला, तर न दिसणाऱ्या जागी काय केलं असेल?

विकतानाचाही विचार आताच करा. लंडनच्या अल्ट्रा लो एमिशन झोनमध्ये (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे भरावे लागतात असा भाग), 2019 पासून, रोजचं शुल्क चुकवायचं तर पेट्रोल गाडी युरो 4 (युरोपचे धुराचे निकष, आकडा मोठा तितके कडक) असली तरी चालते, डिझेलला मात्र युरो 6 लागतं. म्हणजे 2010 ची पेट्रोल बहुतेक करून सुटते, त्याच वर्षाची डिझेल अडकते. वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळायला एवढं पुरे.

माझी डिझेल मी विकली. फिल्टर साफ करून, ऑइल बदलून, बिलांची फाइल समोर ठेवून, सगळं खरं सांगून. घेणारा रोज जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर हायवेने जातो. मी पेट्रोल घेतली, तिला आता नववं वर्ष चालू आहे.

परवा त्याचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या ऐकायच्या. "सर, सहज केला. डिपस्टिक बघितली, ऑइल बरोबर दोन खुणांच्या मधे आहे."