बोटीवरून आलेल्या माणसाला जरा हसवू द्या की!

आमच्या गुहागर-दापोली पट्ट्यात वाडीगणिक एखादा तरी माणूस बोटीवर असतोच. हल्ली अशा लोकांचे सत्कार होतात, त्याचा मला आनंदच आहे. 5 एप्रिलचा राष्ट्रीय सागरी दिन हे त्याचं चांगलं निमित्त. 1919 साली या दिवशी सिंधिया या भारतीय जहाज कंपनीची 'एस. एस. लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली होती. पण या कार्यक्रमांत जे चालतं, त्याबद्दल मनापासून लिहावंसं वाटतंय.

अशाच एका सत्काराला गेले होते. पाहुण्यांची भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, 'लाटांशी झुंज' आणि 'दर्याचे राजे' चार-चारदा ऐकून झाले. सगळ्यात शेवटी निवृत्त बोसनकाकांच्या हातात माइक आला. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. काकांनी बोटीवरच्या गमती सांगायला घेतल्या. सभागृह खुलायला लागलं आणि तेवढ्यात आयोजकांची चिठ्ठी गेली, 'अनुभव सांगा, आटोपतं घ्या.' काका बिचारे दोन वाक्यांत आभार मानून बसले. मला फार वाईट वाटलं. अहो, तेच तर अनुभव होते!

नंतर चहाच्या टेबलाशी आम्ही चार-पाच जणांनी त्यांना गाठलं. बोटीच्या उजव्या अंगाला, स्टारबोर्डला, हिरवा दिवा असतो आणि डाव्या अंगाला, पोर्टला, लाल. नवा पोरगा बोटीवर चढला की बोसन गंभीर चेहऱ्याने सांगतो, "जा, खालून हिरव्या दिव्याचं तेल घेऊन ये." पोरगा डबा घेऊन इंजिन रूममध्ये. फिटर म्हणतो, "हिरवं कालच संपलं, चीफ कूककडे बघ." कूक म्हणतो, "लाल आहे थोडं, चालेल का, विचारून ये." पोरगा घामाघूम होऊन बोट पालथी घालतो. शेवटी कोणीतरी फिसकन हसतं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. तेल साधंच असतं, रंग काचेचा! दिवे विजेचे झाले तरी ही चेष्टा काही थांबली नाही, काका सांगत होते.

आम्ही हसून हसून बेजार. पण बघा, त्या तासाभरात पोराने सगळी बोट पाहिली, सगळ्यांची तोंडओळख झाली आणि कुठल्या बाजूला कुठला दिवा हे तो आता जन्मात विसरणार नाही. रात्रीच्या काळोखात समोरच्या जहाजाचा आकार दिसत नाही, दिवे दिसतात. उजवीकडून वाट कापत येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला, तर वाट आपण द्यायची असते. हे काकांनी चहा पिता पिता शिकवलं. एवढं त्या दिवशीच्या एकाही भाषणात नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, खलाशी हसत सांगतो त्या गोष्टीत त्याचं काम सगळ्यात नीट दिसतं. वादळाची गोष्ट ऐकून आपण थक्क होतो, पण तो तिथे रोज काय करतो, कोणाबरोबर जेवतो, कोणाशी भांडतो, हे त्यातून कळत नाही. 'तारिणी'वरून सहा नौदल अधिकारी महिला 2017 च्या सप्टेंबरात गोव्याहून निघाल्या आणि 254 दिवसांनी पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. वाटेत स्टिअरिंग बिघडल्यामुळे मॉरिशसला थांबावं लागलं. हे आपल्याला पाठ असतं. मला मात्र विचारावंसं वाटतं, एवढ्याशा शिडाच्या बोटीत सहा जणींत कोणाच्या हातचा चहा कोणाला चालत नव्हता? शाळेतल्या मुलींसमोर हे बोलणं झालं तर त्यांना ते काम आपल्या आवाक्यातलं वाटेल.

कोणी म्हणेल, हे लोक संकटं लपवायला हसतात. असेलही. 2020 च्या अखेरीस कोरोनामुळे जगभरात सुमारे चार लाख दर्यावर्दी करार संपूनही बोटीवरच अडकले होते. आमचा दादा त्यातलाच. पण त्याने घरी आल्यावर आधी काय सांगायचं, ते त्याने ठरवावं. रडकथा काढून घ्यायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

घरीही आपण तेच करतो. बॅग उघडायच्या आत "काय आणलंस?" आणि जेवायच्या आत "परत कधी जायचं?" मागच्या खेपेला मी दादाला विचारलं, "कूक कसा होता रे?" झालं, गाडी सुटली! पॅसिफिकमध्ये तारखेची रेषा ओलांडून अमेरिकेकडे जाताना तोच वार पुन्हा येतो. त्यांच्यातल्या एका ऑइलरचा, म्हणजे इंजिन रूममधल्या खलाशाचा, गुरुवारचा कडक उपास, त्याला लागोपाठ दोन गुरुवार पडले. येताना उलटं, एक दिवस गळतो. नेमका रविवार गळला आणि बोटीवर बिर्याणी असते रविवारी! सगळे मिळून कॅप्टनकडे, "सर, रविवार गेला, बिर्याणी का जावी?" सोमवारी बिर्याणी झाली. कूकने वॉचवाल्यांची, म्हणजे त्या वेळी पहाऱ्याच्या पाळीवर असलेल्यांची, ताटं वेगळी झाकून ठेवली होती, हेही त्याने सांगितलं.

त्यावरून वहिनीने सहज विचारलं, "तुमचा वॉच कधी असतो?" दादा म्हणाला, "चार ते आठ, पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे तिला तेव्हा कळलं. आणि त्यानंतर तिचे प्रश्न काही केल्या संपेनात.