चाहत्याचं पथ्यपाणी

नोकरी किंवा शिक्षणाच्या निमित्ताने अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात येऊन पडला असाल, तर बॅगा उघडायच्या आधी एक लाल शर्ट विकत घ्या. गॅसचं बिल कुठे भरायचं ते नंतर विचारा. या राज्यात समुद्र नाही, डोंगर म्हणावा असा डोंगर नाही, व्यावसायिक फुटबॉलचा संघ नाही. आहे तो मका, आणि लिंकन शहरातल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ. फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला. त्यात पायाचा संबंध अधूनमधूनच येतो. स्टेडियममध्ये सुमारे ८५ हजार माणसं बसतात आणि सामन्याच्या शनिवारी ते ओमाहा-लिंकनखालोखाल राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं. १९६२ पासून इथला प्रत्येक सामना हाउसफुल्ल आहे. (करोनाचं वर्ष मोजत नाहीत. तुम्हीही मोजू नका.)

शर्ट झाला, आता अपेक्षा. त्या ऑगस्टमध्येच बांधून घ्याव्यात. ऑगस्टच्या सुरुवातीला आपला संघ एकही सामना हरलेला नसतो. ही संधी पुन्हा वर्षभर येत नाही. बारा सामन्यांचं वेळापत्रक फ्रिजवर लावायचं आणि जिंकणार त्यापुढे बरोबरची खूण करायची. पहिल्या वर्षी मी आपला हिशेबी माणूस, आठ खुणा केल्या. शेजारचे आजोबा काहीतरी मागायला आले होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि अतिशय हळुवारपणे विचारलं, "तू मूळचा आयोवाचा का रे?" आयोवा म्हणजे शेजारचं राज्य. शिवी म्हणूनही वापरतात.

अपेक्षा किती ठेवायची, याचं माप ठरलेलं आहे. टॉम ऑस्बोर्न नावाचे कोच इथे २५ वर्षं होते, १९७३ ते १९९७. एकूण २५५ विजय, आणि एकाही मोसमात नऊपेक्षा कमी नाहीत. १९९४, १९९५ आणि १९९७ ला राष्ट्रीय विजेतेपद. तेव्हा मोजायला सुरुवात तिथून करा. त्यानंतरच्या काळाला इतिहास म्हणायचं नाही, अडचण म्हणायचं. अडचण तात्पुरती असते.

नऊ विजय हा अपमान आहे, हेही लक्षात असू द्या. २००३ मध्ये फ्रँक सोलिच यांचा संघ नऊ जिंकला, तीन हरला; त्यांना नारळ दिला. कारण काय, तर संघ सामान्यपणाकडे घसरू द्यायचा नव्हता. ती घसरण इतकी यशस्वीपणे रोखली की पुढच्याच वर्षी पाच विजय, सहा पराभव; १९६१ नंतर पहिल्यांदाच जिंकण्यापेक्षा हरलो जास्त. मग २००८ ला बो पेलिनी आले. सात वर्षं, दरवर्षी किमान नऊ विजय. माणूस सुधारेना म्हणून २०१४ ला त्यांनाही घरी पाठवलं. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे नऊवाल्याचे तेवढेही नाहीत.

कधी कधी देव पावतो आणि घरचाच पोरगा कोच म्हणून परत येतो. १९९७ च्या अजिंक्य संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे हल्ल्याचा सूत्रधार, स्कॉट फ्रॉस्ट. फ्लोरिडातल्या संघाबरोबर एकही सामना न हरता मोसम संपवून आलेला. अशा वेळी उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधावं, दोन्ही गुडघ्यांना बांधावं. निकाल १६ विजय, ३१ पराभव. पण खऱ्या चाहत्याने त्यातलं २०२१ हे साल तोंडपाठ करावं: नऊ पराभव, आणि त्यातला एकही नऊपेक्षा जास्त गुणांनी नाही. याला हरणं म्हणत नाहीत, थोडक्यात हुकणं म्हणतात. नऊ वेळा थोडक्यात हुकलेला संघ पुढच्या वर्षी नऊ जिंकणार, हे गणित ज्याला उलगडत नाही त्याने लाल शर्ट परत करावा.

पुढच्या वर्षीचा पहिलाच सामना आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये. संघ ११ गुणांनी पुढे. अशा वेळी चेंडू लांब मारून समोरच्यांना त्यांच्या घराकडे पिटाळायचं असतं. आमच्या कोचने तो जवळच टोलवून आपणच पटकावायची हुशारी केली. पटकावला त्यांनी, आणि सामनाही ३१-२८ असा त्यांनीच नेला. दोनच आठवड्यांत, ११ सप्टेंबरला, कोचची गच्छंती झाली. भरपाई दीड कोटी डॉलर. १ ऑक्टोबरपर्यंत कळ काढली असती तर निम्म्यात काम भागत होतं. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं हुज्जत घालणाऱ्या आपल्यासारख्यांना हे झेपत नाही, पण मन मोठं करा.

विद्यापीठाचा महिला व्हॉलीबॉल संघ सतत जिंकतो. २०२३ मध्ये त्यांचा सामना फुटबॉलच्याच मैदानात झाला, ९२,००३ लोक आले. अभिमान जरूर बाळगा, पण जीव तिथे लावू नका. जिंकणाऱ्या संघात जीव लावण्यात कसलं कौशल्य?

नोव्हेंबरात अपेक्षा थोड्या सैल कराव्या लागतात. २०१६ नंतर सात वर्षं आम्हाला मोसमानंतरचा बोल सामना मिळाला नव्हता. त्यासाठी सहा विजय लागतात. २०२३ ला पाचवर पोहोचलो, चार सामने हातात होते, चारही हरलो. २०२४ ला पुन्हा पाचवर अडकलो, चार हरलो, आणि शेवटी विस्कॉन्सिनला हरवून सहावा मिळाला. नवाला कोच हाकलणारं राज्य सहाला रडत होतं. आजोबांनी कोबी-खिमा भरलेले गरम पाव आणले. मी शाकाहारी, कोबी निवडून खाल्ला.

पुढचा शुक्रवार आयोवाचा. आदल्या वर्षी त्यांनी शेवटच्या क्षणी किक मारून १३-१० ने हरवलेलं. आजोबांच्या गॅरेजमध्ये टीव्ही. मी ज्या खुर्चीत बसलो असताना विस्कॉन्सिन हरलं, त्याच खुर्चीत मला बसवलं होतं आणि पाणी प्यायलाही उठू देत नव्हते. १०-१०. शेवटचा क्षण. ५३ यार्डांवरून आयोवाची किक. गेली आत. पुन्हा १३-१०.

आजोबांनी टीव्ही बंद केला. बराच वेळ नुसता हीटरचा आवाज. मग त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक काढलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर पुढच्या मोसमाचे बारा आकडे एकाखाली एक लिहिले. अकरापर्यंत भराभर बरोबरच्या खुणा केल्या. बाराव्याशी, आयोवापाशी, पेन थांबलं. माझ्याकडे बघितलं.

"कर," मी म्हणालो.