टेंडर ऑनलाइन झालं, भेटीगाठी नाही झाल्या

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: "सरकारी खरेदी ऑनलाइन झाली, लॉबिंगला जागाच उरली नाही. त्यावर कायदा आणलाच तर छोट्या उद्योजकाला साहेबांचं दार बंद होईल. अमेरिकेत तसा कायदा आहे, म्हणजे तिथे लाचच कायदेशीर."

लॉबिंग म्हणजे निर्णय घेणाऱ्यांना गाठून निर्णय आपल्या बाजूने वळवायचा प्रयत्न. ऑनलाइनची गोष्ट अर्धी खरी. ई-निविदेत उघडेपर्यंत कुणाचे दर दिसत नाहीत, टेंडरपेटीभोवतीची दादागिरी संपली. पण दर भरायच्या आधी कुणीतरी निविदा लिहितं. उलाढाल किती हवी, "समान स्वरूपाच्या कामाचा" अनुभव किती, यंत्राचा तांत्रिक तपशील कुणाच्या कॅटलॉगातून उचलायचा, दर भरण्याआधीच्या (प्री-बिड) बैठकीनंतर अटी बदलणारं शुद्धिपत्रक काढायचं की नाही, यातलं काहीच पोर्टल ठरवत नाही. समजा उलाढालीची अट दोन कोटींवरून दहा कोटींवर नेली, तर हिंगण्याचा छोटा कारखानदार तिथेच बाद. त्याचा दर कितीही कमी असो. ती अट कुणाच्या सांगण्यावरून वाढली? माहिती अधिकारात फाइलवरची टिप्पणी मिळते. मंत्री उतरतात त्या रविभवनात सोफ्यावर झालेलं बोलणं टिप्पणीत उतरतच नाही, तर मिळणार कुठून?

दार बंद होण्याचं म्हणाल तर चिलीकडे बघा. तिथल्या 2014च्या कायद्याने भेटींवर बंदी घातली नाही. अधिकारी कुणाला कशासाठी भेटला, कुठे प्रवास केला, कोणती भेटवस्तू घेतली, हे जाहीर करायचं, एवढंच. खरेदीच्या मूल्यमापन समितीचे सदस्यही त्यात येतात. साहेबांचा मोबाइल नंबर ज्याच्याकडे नाही, त्याच्याच हे कामाचं.

अमेरिकेत लाच हा वेगळा फौजदारी गुन्हा आहे. 1995चा कायदा लॉबिस्टांकडून नोंदणी आणि खुलासा मागतो. सरकारी कंत्राटासाठीच्या गाठीभेटीही त्यात मोडतात. पैशाचा जोर तिथे ओसरला असं मात्र मी म्हणणार नाही.

"आपल्याकडे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहेच की!" आहे, 1988चा. 2018च्या दुरुस्तीने लाच देणाराही सरळ कचाट्यात आला. पण या कायद्याला देवाणघेवाण किंवा निदान मागणी, देऊ केल्याचा पुरावा लागतो. नुसत्या चहावर बदललेल्या अटीला तो काय करणार? केंद्राचं सार्वजनिक खरेदी विधेयक 2012 मध्ये लोकसभेत आलं आणि 2014 मध्ये त्या लोकसभेची मुदत संपताच बाद झालं. तामिळनाडूत निविदांसाठी 1998चा कायदा आहे. महाराष्ट्राचं खरेदी धोरण शासन निर्णयांवर चालतं, आणि शासन निर्णय बदलायला विधानभवनात मतदान लागत नाही.