कोर्स की डिग्री, पण पुढे जागा आहे का ते बोला

पुतणी बारावी सायन्स झाली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर नर्सिंगवरून जुंपली. दादाचं म्हणणं, चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंगच कर, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) म्हणजे नुसता डिप्लोमा, सोयरीक बघताना पण त्याला कुणी विचारत नाही. मामांचं नेहमीचं पालुपद, पूर्वीच्या पोरी टायपिंग-शॉर्टहँड नाहीतर नर्सिंगचा कोर्स करायच्या आणि विशीत नोकरीला लागायच्या, आताच्या डिग्र्या घेऊन घरात बसल्यात. त्यात चुलत भावाने नवीन शिक्षण धोरण काढलं, की 2020 च्या त्या धोरणात सहावीपासून व्होकेशनल आणलंय म्हणजे गरिबाच्या पोरांना परत कामालाच जुंपायचा डाव. मी इकडे इंग्लंडात लेस्टरला एका हॉस्पिटलात मेडिकल सेक्रेटरी आहे, म्हणजे सेक्रेटरी आणि नर्स दोन्ही रोजच्या रोज बघते, त्यामुळे गप्प बसवेना.

मामांचं अर्धं खरं आहे. आई सोलापुरात नवी पेठेतल्या टायपिंग क्लासला जायची, एक तास ठरलेला, मशीन ठरलेलं, आणि कितीतरी दिवस नुसतं ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. बोटांकडे बघितलं की सर मागून कीबोर्डवर पुठ्ठा धरायचे. शेजारच्या मशीनवर पूर्व भागातल्या पद्मशाली पोरी, आपसात तेलुगू, सरांशी मराठी आणि टाइप करायचं इंग्रजी. मग मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा, मग 40 ची, मग शॉर्टहँड, त्यात पिटमनच्या जाड-बारीक रेघा, ज्या म्हणे 1837 पासून चालत आल्यात. कागदाखाली कार्बन घालून तीन कॉपी काढताना एक अक्षर चुकलं तर तिन्ही खोडावं लागायचं, त्यामुळे आईचं अजूनही फोनवर टाइप करताना चुकत नाही, मी मात्र ऑटोकरेक्टच्या भरवशावर.

पण नोकरी त्या कोर्सने दिली नाही हो. नोकरी गिरणीने दिली, झेडपीने दिली, कोर्टाने, बँकांनी दिली. नरसिंग गिरजी होती, लक्ष्मी-विष्णू होती, त्यांची ऑफिसं होती, तिथे पत्रं टाइप करायला माणूस लागायचं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा त्याच स्पीडच्या, तीच सर्टिफिकिटं असलेल्या पोरी घरी बसल्या. कॉम्प्युटर आला म्हणून टायपिस्ट संपले असं सगळे म्हणतात, ते आहेच, पण सोलापुरात आधी खुर्ची गेली आणि मशीन नंतर गेलं.

मावशी नर्स. ती होस्टेलला राहून शिकली, दहावीनंतरच गेली, तेव्हा चालायचं. स्टायपेंड मिळायचा, थोडा पण मिळायचा, त्यातून ती घरी पैसे पाठवायची हे आजी शेवटपर्यंत सांगत होती. काचेच्या सिरिंज उकळायच्या, ड्रेसिंगचे ड्रम भरून वाफेच्या ऑटोक्लेव्हला पाठवायचे, चादरीचे कॉर्नर असे दुमडायचे की इन्चार्ज सिस्टरने राउंडला हात फिरवला तरी सुरकुती नको. दुसऱ्या वर्षापासून नाइटला अख्खा वॉर्ड दोन स्टुडंटवर, म्हणजे शिकवणं कमी आणि राबवून घेणं जास्त. हे ग्रुपवर कुणी लिहीत नाही. आणि नावं ठेवणं ते वेगळंच. रमाबाई रानड्यांनी सेवासदनातून बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं तेव्हा लोकांनी ठेवली, आणि मावशीच्या वेळेलाही नाइट ड्युटी म्हटलं की स्थळं मागे फिरायची. आपण सोलापूरकर डॉ. कोटणीसांचं नाव छाती फुगवून सांगतो, त्यांच्या घराचं स्मारक झालं, चांगलंच झालं, पण त्यांची बायको गुओ छिंगलान तिकडे चीनमध्ये नर्सिंग शिकवायची हे आपल्यातल्या किती जणांना माहितीये?

आता इकडचं सांगते, कारण दादाला वाटतं परदेशात डिग्रीशिवाय पान हलत नाही. इंग्लंडमध्ये पण पूर्वी असंच होतं, पोरी होस्टेलला, थोडा पगार, वॉर्डावर राबत शिकणं. त्यातही दोन प्रकार, तीन वर्षांच्या त्या पूर्ण नर्स आणि दोन वर्षांच्या त्या एनरोल्ड नर्स, आणि कॅरिबियन बेटांवरून वगैरे आलेल्या कितीतरी पोरींना न सांगता दुसऱ्या प्रकारात ढकललं, त्यांना बढती नाही आणि मायदेशी गेल्यावर त्या कागदाला किंमत नाही. मग 1989 पासून शिक्षण कॉलेज-युनिव्हर्सिटीकडे न्यायला सुरुवात झाली, तो दोन वर्षांचा प्रकार हळूहळू बंद केला, 2013 पासून नवीन नर्सला डिग्री सक्तीची. 2017 मध्ये इंग्लंडने नर्सिंगच्या पोरांचा भत्ता बंद केला, वर्षाला 9 हजार पौंडांच्या वर फी, ती कर्ज काढून भरा. अर्ज धपकन खाली आले. मग 2020 मध्ये सरकार पोरांना वर्षाला 5 हजार पौंड पुन्हा द्यायला लागलं. आणि गंमत म्हणजे 2019 पासून नर्सच्या रजिस्टरवर नर्सिंग असोसिएट म्हणून नवीन जात आली, शिक्षण किती तर दोन वर्षांचं! जे बंद केलं तेच नवीन युनिफॉर्म घालून परत आणलं.

आणि मधल्या काळात वॉर्ड कुणी चालवले? बाहेरून आलेल्यांनी, त्यात आपल्याकडच्या भरपूर. आमच्या वॉर्डाला केरळच्या जीएनएम झालेल्या सिस्टर आहेत, इंग्रजीची परीक्षा दिली, कॉम्प्युटरवरची दिली, प्रॅक्टिकल दिली आणि इथल्या डिग्रीवाल्यांसारख्याच बँड 5 च्या पगाराला लागल्या. दादा ज्याला नुसता डिप्लोमा म्हणतो तो हा. (मी बँड 4, डॉक्टरांनी बोललेलं ऐकून क्लिनिकची पत्रं टाइप करते, आता सॉफ्टवेअर आधी टाइप करतं आणि मी त्याच्या चुका काढते, औषधाचा डोस चुकीचा ऐकलं तर ते काय त्याच्या जिवावर बेतत नाही.) पण यावर कुणी पोरीला लगेच इकडे पाठवायचे बेत करू नका, गेल्या एकदोन वर्षांत बाहेरून भरती बरीच आटलीय.

म्हणून मला वाटतं कोर्स की डिग्री हा वादच अर्धवट आहे. शिकताना पोट कोण भरणार आणि शिकल्यावर कायमची जागा आहे का, हे दोन प्रश्न जिथे सुटले तिथे दोन वर्षांच्या कोर्सवाल्या पण टिकल्या, आणि नाही सुटले तिथे डिग्रीवाल्या पण बसल्या. सरकारने एकीकडे स्किल स्किल करायचं आणि दुसरीकडे कंत्राटी माणसं भरायची, हे कसं चालेल? 2022 च्या मे महिन्यात आपल्या सरकारी नर्स संपावर गेल्या त्या बाहेरच्या एजन्सीकडून भरती नको म्हणूनच. 2023 मध्ये कंत्राटी भरतीचा जीआर निघाला, राज्यभर बोंब झाली, ऑक्टोबरात रद्द केला, तो रद्द झाला पण जागा कुठे भरल्या सगळ्या? चुलत भावाचा राग मला कळतो, पण तो धोरणावर काढून उपयोग नाही. सहावीच्या पोराने हातात करवत धरली तर काही बिघडत नाही, करवतवाल्याला पगार काय मिळतो तिथे बिघडलंय.

पुतणीचं काय, तर मी एवढंच लिहिलं की कॉलेज कुठलंही बघा, बीएस्सी असो की जीएनएम, आधी विचारा तुमचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का. नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे 100 बेडचं लागतं, आणि बेड असून भागत नाही, त्यावर पेशंट हवेत, नाहीतर पोरगी चार वर्षं पुतळ्याला इंजेक्शन देत बसेल. मागच्या बॅचच्या दोन पोरींचे नंबर मागा. स्टायपेंड विचारा. दादाने अंगठा टाकला आणि विषय बदलला. वहिनीने मात्र दुसऱ्याच दिवशी दोन कॉलेजांना फोन लावला. एकाने ओपीडीच्या वेळेला येऊन बघून जा म्हणून सांगितलं, दुसऱ्याने हॉस्पिटलचं विचारल्यावर स्विमिंग पूलचे फोटो पाठवले.