तीनच चॅनल होते, म्हणून निवड नव्हती?

सध्या एक मजकूर भरपूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये तीनच चॅनल होते, ते सरकारच्या मुठीत होते, चित्र कृष्णधवल होतं आणि संध्याकाळभर अख्खा देश नाइलाजाने त्याच त्या विनोदी मालिका बघत बसायचा. खरं वैविध्य म्हणे केबल आणि ओटीटीने आणलं. यातला तीन हा आकडा तेवढा बरोबर आहे. बीबीसी वन, बीबीसी टू आणि आयटीव्ही. चौथा चॅनल आला तो थेट १९८२ मध्ये. बाकीचे दावे मात्र टिकत नाहीत.

आधी निवडीचं बघू. बीबीसीचे दोन चॅनल एकमेकांचे प्रेक्षक पळवायला नव्हते. दोघांचं वेळापत्रक एकत्र बसून ठरायचं. एकावर सर्वांना आवडेल असं काही असलं, की दुसऱ्यावर त्याच वेळी अगदी वेगळ्या वळणाचं काही ठेवायचे. काही कार्यक्रम तर दोन्हीकडे मुद्दाम एकाच वेळी संपवायचे, म्हणजे प्रेक्षकाला मधूनच उठून न जाता चॅनल बदलता यावा. प्राण्यांवरच्या माहितीपटांमुळे आपल्याला ठाऊक असलेले डेव्हिड अॅटनबरो १९६५ ते १९६९ या काळात बीबीसी टूचे प्रमुख होते. पाश्चात्त्य कलेचा इतिहास सांगणारी 'सिव्हिलायझेशन' ही तेरा भागांची मालिका आणि स्नूकरचा 'पॉट ब्लॅक' हे दोन्ही त्या चॅनलवर १९६९ मध्येच सुरू झाले.

एक संध्याकाळच घेऊ. गुरुवार, २१ ऑक्टोबर १९७१, बीबीसी वन. तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवसांत संध्याकाळी 'नेशनवाइड' असायचा, त्यात आधी ज्या त्या भागाच्या बातम्या आणि मग देशभरातले स्टुडिओ एकमेकांना जोडलेले. गुरुवार म्हणजे 'टॉप ऑफ द पॉप्स'चा वार, पॉप गाण्यांचा, तरुण पोरांचा हक्काचा कार्यक्रम. नऊला बातम्या. आणि त्यानंतर 'प्ले फॉर टुडे' या टीव्ही-नाटकांच्या मालिकेत 'एडना, द इनिब्रिएट वुमन' हे नाटक. जेरेमी सँडफर्ड यांनी लिहिलेलं. एडना ही उतारवयाची, दारू पिणारी, बेघर बाई. रात्रनिवारा, मनोरुग्णालय, तुरुंग असं तिला सगळीकडून पुढे ढकलतात. शेवटी एका वसतिगृहात तिला जरा माया मिळते, तर शेजारच्यांच्या तक्रारींमुळे तेच बंद होतं. एडना झाल्या होत्या पॅट्रिशिया हेज. लोकांना त्या विनोदी कार्यक्रमांतून माहीत होत्या. हसवणारा ओळखीचा चेहरा आणि अंगावर चिंध्या! पॉप गाणी ऐकायला टीव्ही लावलेल्या घरात त्याच रात्री ही बाई येऊन उभी राहायची. आपण काल जे बघितलं त्याच्याच जातीचं आज पुढ्यात आणून ठेवणारी ओटीटीची यंत्रणा एडनाला आपल्यापर्यंत कधी पोचू देईल, असं मला वाटत नाही. वैविध्य म्हणजे कोठारात किती माल आहे हे नव्हे. एका बैठकीत किती वेगवेगळी माणसं तुमच्यासमोर येतात, ते मी मोजते.

'सरकारच्या मुठीत' हे तर सरळ चूक आहे. आयटीव्ही जाहिरातींवर चालणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांचं जाळं होतं: मँचेस्टरची ग्रॅनाडा, लीड्सची यॉर्कशायर, लंडनला सोमवार ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत थेम्स आणि तिथून रविवारपर्यंत दुसरीच कंपनी. बीबीसी टीव्ही असलेल्या घरांनी भरायच्या परवाना शुल्कावर चालायची. उत्तर आयर्लंडच्या प्रश्नावर तिने लांबलचक चर्चा योजली, तेव्हा गृहमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी उघड विरोध केला. तरीही ५ जानेवारी १९७२ला ती दाखवली गेली. दडपण अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही. १९७१ मध्येच 'वर्ल्ड इन अॅक्शन' या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाचा आयर्लंडवरचा एक भाग आयटीव्हीच्या नियामक संस्थेने रोखला होता. पण भांडण होत होतं, याचा अर्थच दोन बाजू होत्या. त्याच जानेवारीत बीबीसी टूवर कलासमीक्षक जॉन बर्जर यांनी 'वेज ऑफ सीइंग' या कलेवरच्या मालिकेच्या सुरुवातीला बोटिचेल्लीच्या चित्राच्या प्रतिकृतीतून सुरीने चेहराच कापून काढला आणि 'सिव्हिलायझेशन'मधल्या भारदस्त कलादृष्टीला त्याच चॅनलवरून आव्हान दिलं.

रंगाबद्दल. बीबीसी टूवर रंगीत प्रक्षेपण १९६७ पासून होतं, उरलेल्या दोन चॅनलवर १५ नोव्हेंबर १९६९ पासून. पुष्कळ घरांत संच कृष्णधवलच होते, हे खरं. पण आज जुन्या फिती बघून जो गैरसमज होतो त्याचं कारण वेगळं आहे. व्हिडिओ टेप महाग, म्हणून त्या पुसून पुन्हा वापरायचे. 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेच्या १९७०-७४ मधल्या रंगीत भागांपैकी काहींची मूळ टेप अशीच गेली, आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या कृष्णधवल फिल्म तेवढ्या उरल्या. उरलेल्या प्रतींवरून त्या काळाचा रंग ठरवता येत नाही.

हा मजकूर आपल्याकडे चटकन पटतो याचं कारण मला दूरदर्शन वाटतं. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, आणि एकच सरकारी चॅनल हा आपला अनुभव. तोच आपण तिकडे चिकटवतो.

तक्रारच करायची तर खऱ्या गोष्टींची करावी. गोऱ्या गायकांनी तोंडाला काळं फासून गायचा 'द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रल शो' बीबीसीने १९५८ ते १९७८, अशी वीस वर्षं चालवला. आणि भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांसाठीचा हिंदी-उर्दू 'नई जिंदगी नया जीवन' रविवारी सकाळी ठेवला. मी ज्या भरगच्च संध्याकाळींचं कौतुक करते आहे, त्यात त्याला जागा नव्हती.